मालूच्या कानातला धवला

शेणव्यात कुणालाही विचारा, मालू कशी बाई आहे, तर पहिलं उत्तर मिळेल, भाव खाते. हाक मारली तर वळत नाय, वाटेत भेटून काय विचारलं तर नुसती मान हलवते, नळावर सगळ्या हसल्या की ही थोड्या वेळानं हसते. हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. मी चंद्रकला, तिच्या भिंतीला भिंत लावून राहते आणि गावची अंगणवाडी चालवते. दिवसभर पोरांची वजनं करा, खिचडी शिजवा, मोबाइलवर माहिती भरा, ती नाय भरली गेली की पुन्हा भरा. संध्याकाळी घरी आल्यावर पाय धुवायला वाकायचीही ताकद नसते आणि त्यात बायका ओट्यावर येऊन बसतात, मालूचं काय गो म्हणून. एकदाच सगळं सांगते. मग मला कुणी विचारू नका.

मालू मुरबाडच्या पलीकडची. आई लहानपणीच गेली, बापानं नववीतून शाळा सोडवली, लग्नाचं वय झाल्यावर आमच्या संदेशशी लग्न लावलं. संदेश टेम्पो चालवतो. वाईट नाय माणूस, पण घरात असला की झोपलेला असतो आणि जागा असला की टेम्पोत असतो. शेत आहे ते वर्षाचा तांदूळ देतं, त्याच्या पुढं काय देत नाय. म्हणून मालू वाशिंदला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात जाते. उजाडायच्या आत जीप पकडायची, दिवस मावळल्यावर उतरायचं, मग चूल, भांडी, मनस्वीचा अभ्यास. मनस्वी तिची पोरगी, पाचवीत आहे. मालूला कधी बसलेली बघितलीय असं मला आठवत नाय.

आता तिची सासू सकुबाई. ती धवलारीण. आमच्याकडच्या लग्नात भटजीच्या आधी तिचं काम असतं. मांडव घालताना, हळद दळताना, नवरीला तेल-हळद लावताना ती धवले गाते, म्हणजे त्या त्या कामाची गाणी. तिला पाटावर बसवतात, साडी नेसवतात, पहिलं पान तिचं. पण हे काम एकटीचं नाय. पुढची बाई ओळ टाकते आणि मागची ती उचलते, उचलली की पुढची दुसरी टाकते. मध्ये खंड पडू द्यायचा नसतो. नवरीच्या अंगावर हळद असताना धवला तुटला तर म्हाताऱ्या बायकांची तोंडं उतरतात. सकुबाईच्या मागं भिमी म्हणून तिची मैत्रीण बसायची. दोघींनी किती मांडव गाजवले त्याचा हिशोब नाय. भिमी वारली आणि मागची जागा मोकळी पडली.

गावातल्या पोरींना विचारलं तर त्या हसल्या. सुना म्हणाल्या, आता डीजे असतो, धवले कोण ऐकतंय. मालू मात्र आपणहून म्हणाली, मी शिकते. मी तिला झापलंच. म्हटलं, तुला श्वास घ्यायला वेळ नाय आणि आणखी एक ओझं कशाला घेतेस? तर ती म्हणाली, "ताई, कारखान्यात मला ए झाकणवाली म्हणतात. इतकी वर्षं झाली, कुणाला नाव माहीत नाय. मांडवात आईंच्या शेजारी बसले की मला नावानं बोलवतील."  मग मीच म्हटलं, शीक बाई.

पण शिकायचं कधी? सकुबाईचं असं आहे की तिला गाणं सांग म्हटलं तर येत नाय. हाताला काम लागतं. सुपात तांदूळ निवडायला बसली, दुपारची वेळ असली, घरात कुणी नसलं, की आपसूक गळ्यातून निघतं. आणि ती वेळ म्हणजे मालू वाशिंदला. मग मालूनं डोकं चालवलं. सुट्टीच्या दिवशी सासूला तांदूळ निवडायला बसवायचं, मोबाइल सुपाच्या कडेला उलटा ठेवायचा, आणि आपण मागल्या दारी कपडे धुवायला जायचं. असं करून करून तिनं सगळे धवले मोबाइलमध्ये भरून घेतले. सकुबाईला ते ऐकवले तेव्हा म्हातारी लाजली. माझा गला डब्यात गेला म्हणाली. पण मनातून खूष होती, मला दिसत होतं ना.

इथपर्यंत सगळं बरं होतं. चूक पुढं झाली, आणि ती चूक दुसऱ्या कुणी केली नसती, मालूनंच करावी. कारखान्यात मशीनचा आवाज असा की शेजारणीला काय सांगायचं तर तोंड तिच्या कानाला लावायला लागतं. म्हणून कानात घालायला पिवळे मऊ बूच देतात. नियम आहे, पण घालतंय कोण? कान दबतात, घामानं खाज सुटते, म्हणून बाया खिशात ठेवतात आणि साहेब दिसला की घालतात. मालूनं तर कहर केला. तिनं उजव्या कानातलं बूच काढून तिथं इअरफोन घातला. केस झाकायला डोक्याला बांधतात त्या फडक्याखालून वायर घेतली, मोबाइल एप्रनच्या आत, आणि दिवसभर सासूचे धवले. डावा कान उघडाच, साहेबानं हाक मारली तर कळावं म्हणून.

मशीनच्या आवाजात म्हातारीचा तो बारीक गळा ऐकू येणार कसा? म्हणून आवाज फुल. मोबाइल बिचारा प्रत्येक वेळी आडवा यायचा, काहीतरी इंग्रजीत लिहून दाखवायचा, आणि ही बोटानं त्याला बाजूला करायची. एकदा मला दाखवलं तेव्हा मी वाचून सांगितलं की हा म्हणतोय जास्त वेळ मोठ्या आवाजात ऐकलंस तर कान जातील. मालू म्हणाली, अगं बाई, मला वाटलं जागा भरली म्हणतोय. तेव्हा आमी दोघी हसलो. पण तोपर्यंत दीड वर्ष उलटून गेलं होतं.

आधी तिला संध्याकाळी कानात रातकिडे ऐकू यायचे. जेवण होईपर्यंत थांबायचे. मग थांबेनासे झाले. मग मनस्वीनं मागून हाक मारलेली कळेना, पोरगी रुसायला लागली. संदेश म्हणाला, मोबाइलनं कुठं कान जातात काय, सगळं जग ऐकतंय. सासूला तिनं सांगितलं की जीपच्या दारात बसते ना, कानात वारं भरलं. झालं. सकुबाई रोज लसूण घालून खोबरेल कोमट करायची, सुनेचं डोकं मांडीवर घ्यायची आणि कानात थेंब थेंब सोडायची. मायेनं करायची, तिला काय ठाऊक.

एका सकाळी मी फाट्यावर जीपची वाट बघत होते. मालू समोरून रस्त्याच्या मधून येत होती, फडकं बांधलेलं, ओठ हलत होते, म्हणजे कानात शिकवणी चालू. मागून डंपर आला. त्यानं हॉर्न दाबून धरला, अख्खा फाटा वळून बघायला लागला, आणि ही बया आपल्याच नादात. मी धावले. या गुडघ्यांनी धावले. तिचा हात धरून तिला कडेला ओढली तेव्हा ती माझ्यावरच चिडली, काय करताय ताई म्हणून. मग डंपर अंगावरून जावा तसा शेजारून गेला तेव्हा तिला कळलं. मी तिथंच वायर तिच्या कानातून ओढून काढली आणि चार लोकांत तिला बोलले. खूप बोलले. 

त्याच आठवड्यात मी रजा टाकली आणि तिला शहापूरला दाखवायला नेली. तिथल्या डॉक्टरांनी तपासणीला कल्याणला पाठवलं. तपासणी म्हणजे एक काचेची खोली. आत बसवतात, कानावर जाड हेडफोन लावतात, हातात बटण देतात, आवाज आला की दाबायचं. मी बाहेरून बघत होते. मालू शहाण्या पोरीसारखी बटण धरून बसलेली, चेहरा असा की आता चालू होईल. आणि मशीनवरची मुलगी तर कधीची सुरू झाली होती. मला ते बघवेना. मी उठून पाणी प्यायला गेले.

डॉक्टरीण बाई चांगली होती, घाई केली नाय. तिनं सांगितलं की उजवा कान जास्त गेलाय, डावाही गेलाय, त्याला मशीननं खाल्लं. आतल्या बारीक नसा एकदा मेल्या की औषधानं उगवत नायत. बारीक आवाज आधी जातात, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला ऐकू येतंय, समोरचाच नीट बोलत नाय. उरलंय ते राखा म्हणाली. इअरफोन बंद. ऐकायचंच झालं तर मोबाइल बाजूला ठेवून अर्ध्या आवाजाच्या आत, तेही थोडा वेळ, मग कानाला विश्रांती. गोंगाटावर आवाज चढवायचा नाय, गोंगाटात बूचच घालायचं. तेल नाय, काडी नाय, डीजेच्या पेट्यांसमोर उभं राहणं नाय. रातकिडे ऐकू यायला लागले तेव्हाच आला असता तर बरं झालं असतं, हेही म्हणाली. ऐकायचं यंत्र लावता येईल, नंतर बघू. मालू सगळ्याला मान हलवत होती. तिनं निम्मं ऐकलं असेल. बाकीचं मी परतीच्या एसटीत तिच्या तोंडासमोर तोंड करून सांगितलं.

तेव्हा ती रडली. कानासाठी नाय. म्हणाली, "आईंना सांगू नका. त्यांच्या आवाजानं झालं कळलं तर त्या पुन्हा तोंड उघडायच्या नाय." मला ते पटलं नाय. घरात लपवून चालतं काय असल्या गोष्टी? पण ती हात सोडेना, एसटीतले लोक बघायला लागले, मी हो म्हटलं.

त्या दिवसापासून मालू बदलली. कामावर दोन्ही कानांत बूच, साहेब असो नसो. बाया हसल्या, हसू दे. कारखान्यातल्या दोघी-तिघींना तिनं इअरफोन काढायला लावले, त्यातली एक तिच्याशी अजून बोलत नाय. रस्त्यानं चालताना मोबाइल पिशवीत. पण शिकायचं अडलं. घरी हळू आवाजात धवले लावले तर चाल कळायची, शब्द कळायचे नायत. सगळं हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं म्हणाली. जे पाठ होतं ते होतं, पण हळदीचा जो मोठा धवला, तो तिच्या तोंडात बसला नव्हता. त्याला पाठांतर पुरत नाय. त्यात मामा, काका, आत्या सगळ्यांची नावं घ्यायची असतात, पुढची बाई ज्या नावाला थांबेल त्याच नावापासून मागचीनं उचलायचं. म्हणजे कान पाहिजेच.

मग ती सकुबाईच्या समोर बसायला लागली. म्हातारी सुपात बघून गायची, ही तिच्या ओठांकडं बघत गायची. अशी काय टक लावून बसतेस, म्हणून सकुबाई वैतागायची. पण जमायला लागलं. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. तोंड दिसलं की मालू चुकायची नाय. मला वाटलं, निभेल.

आणि तेवढ्यात कुणालीचं लग्न निघालं. कुणाली म्हणजे सकुबाईच्या लेकीची लेक, टोकावड्याची. नातीची हळद, आजीचे धवले, आणि मागं मालू पहिल्यांदा मानानं बसणार. सकुबाईचा श्वास आता पुरत नाय, तिनंच सांगून टाकलं होतं की ही शेवटची हळद, पुढल्या लग्नापासून पाटावर मालू बसेल. मालूनं माहेरच्या वहिनीकडून चांगली साडी आणून ठेवली. आदल्या दिवशी ती माझ्याकडं आली आणि नुसती बसून राहिली. मी विचारलं, भीती वाटते काय? तर म्हणाली, धवला तुटला तर सगळे म्हणतील सकुबाईनं नातीच्या हळदीला अपशकुन केला. मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार?

हळदीच्या दिवशी संदेशच्या टेम्पोतून आमी किन्हवली, सरळगाव करत टोकावड्याला गेलो. मांडवाच्या तोंडाशी डीजेच्या पेट्या माणसाच्या उंचीच्या रचलेल्या. छातीत धडधड होत होती. नवरीचा भाऊ रितेश पेट्यांजवळ नाचत होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, आजी गात असेपर्यंत हे बंद पाहिजे, आणि पेट्या तिकडं रस्त्याकडं फिरव, मांडवात बारकी पोरं आहेत. तो म्हणाला, काकू, आजच्या दिवस. मी म्हटलं, कान काय आजच्या दिवसापुरते दिलेत काय तुला? पोरगा तसा ऐकणारा निघाला. बंद केलं. सगळा मांडव एकदम शांत झाला, दूर घाटाकडं जाणारी गाडी ऐकू येत होती.

सकुबाई पाटावर बसली. मालू तिच्या मागं. मी मालूच्या बाजूला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. हळदीचा धवला गाताना धवलारणीनं नवरीकडं तोंड करायचं असतं. नवरीच्या तोंडाकडं बघूनच तो गायचा, दुसरीकडं बघायचं नाय. म्हणजे मालूला म्हातारीची पाठ दिसणार. मी मालूकडं बघितलं, तिलाही कळलं होतं.

सुरुवात पाठातली होती, ती निभली. कुणालीच्या गालाला हळद लागली, हाताला लागली. मग नावं आली. सकुबाईनं ओळ टाकली आणि थांबली. मागून काहीच आलं नाय. मालू पुढं झुकली होती, मान तिरकी करून डावा कान पुढं केलेला, ओठ उघडे. सकुबाईनं तीच ओळ पुन्हा टाकली, जरा जोरात. तिचा गळा फाटला. मागून काहीच नाय. हळद लावणाऱ्या बाईचा हात हवेतच राहिला. डीजे बंद होता, म्हणून डीजेवर ढकलायलाही जागा उरली नाय. कुणीतरी पुटपुटलं, तुटला गो.

सकुबाई वळली. "मालू, झोपलीस काय?" असं ती म्हणाली, आणि मालूनं तिचं तोंड दिसल्यावर लगेच ओळ उचलली. बरोबर उचलली, त्याच नावापासून. पण सकुबाई गाईना. ती सुनेकडं बघत राहिली. म्हातारी झाली तरी जन्मभर माणसांच्या कानांवर तिचं पोट चाललंय, कुणाला ऐकू येत नाय ते तिला कळतं. तिनं पदर तोंडापुढं धरला आणि पदराआडून काहीतरी म्हणाली. मालू नुसती बघत राहिली. पदर खाली आला तेव्हा सकुबाईचा चेहरा पार उतरला होता.

माझ्याकडं वळून तिनं विचारलं, कधीपासनं? मी शब्द दिला होता, पण आता कसला शब्द. सांगून टाकलं. कारखाना सांगितला, इअरफोन सांगितला, कल्याणची काचेची खोली सांगितली. दिवसभर कानात काय लावायची तेही सांगितलं. मांडवातल्या बायका ऐकत होत्या, आमच्या शेणव्यातल्याही होत्या, ज्या भाव खाते म्हणायच्या. मला त्यांचा राग आला होता आणि सगळ्याचाच कंटाळा आला होता.

 सकुबाईनं मालूचा उजवा कान हातात धरला, तेल सोडायची तसाच, आणि अगदी मालूच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, "मी येवढ्या मोठ्यानं कधी गायले गो? मी तर हलूच गाते."

मालू म्हणाली, "मशीन मोठ्यानं चालायचं, आई."

सकुबाईनं डोळे पुसले. नवऱ्याकडची एक बाई म्हणाली, अंगावर हळद वाळतेय, दुसरं कुणी मागं बसवा, उगाच अपशकुन नको. मी तिला काय बोलले ते इथं सांगत नाय. कुणाली खाली मान घालून बसली होती, ती मान न उचलता म्हणाली, "मामीच बसेल."

मग म्हातारी पाटावर हातांनी रेटा देत, हळूहळू, पूर्ण वळून बसली. नवरीकडं पाठ, सुनेकडं तोंड.  सकुबाईनं नाव घेतलं आणि थांबली. मालूनं तिच्या ओठांवरून ते उचललं.